तिन्ही सैन्यदलं एकत्र करावीत का? कॅनडाने केली होती, त्याचं पुढे काय झालं?

खडकवासलेकर (धागाकर्ता)

थिएटर कमांडची (म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली) बातमी आली की तिच्याखाली एक प्रश्न हमखास येतो. तीन दलं, तीन प्रमुख, तीन कायदे, तीन वेगळ्या खरेद्या, हा पसारा हवा कशाला? सरळ एकच सेना करा, एक प्रमुख, एक गणवेश, विषय मिटला. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एका देशाने हे शब्दशः करून पाहिलं आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याचा उल्लेख होतो तो ओझरताच. म्हणून जरा सविस्तर लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

देश कॅनडा. 1963 मध्ये लेस्टर पिअरसन यांच्या सरकारात पॉल हेलियर संरक्षणमंत्री झाले. आदल्या वर्षीच्या क्युबा पेचप्रसंगात कॅनडा सरकारची चांगलीच अडचण झाली होती. तेव्हाचे पंतप्रधान डीफेनबेकर यांचा निर्णय होत नव्हता आणि तिकडे नौदलाने जहाजं समुद्रात काढलीसुद्धा. तिन्ही दलांची तोंडं तीन दिशांना होती. हवाई दल नोराड या संयुक्त हवाई संरक्षण कमांडमध्ये अमेरिकनांबरोबर, नौदल नाटोसाठी अटलांटिकमध्ये रशियन पाणबुड्या शोधण्यात, भूदलाची ब्रिगेड पश्चिम जर्मनीत. प्रत्येकाचं नियोजन आपापल्या मोठ्या मित्राशी जुळलेलं, आपसात मात्र मेळ नाही. भरती, पगार, भांडारं, जनसंपर्क, सगळं तीन-तीनदा.

मार्च 1964 मध्ये हेलियर यांनी श्वेतपत्रिका काढली. त्याच वर्षी तिन्ही प्रमुखांची पदं रद्द होऊन त्यांच्या जागी एक चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ (सीडीएस) आला. इथपर्यंत कुरकुर होती, पण बंड नव्हतं. हेलियर तिथे थांबले नाहीत. त्यांनी पुढचा कायदा आणला आणि 1 फेब्रुवारी 1968 पासून रॉयल कॅनेडियन नेव्ही, कॅनेडियन आर्मी आणि रॉयल कॅनेडियन एअर फोर्स ही तिन्ही दलं कायद्याने संपली. उरलं एकच, कॅनेडियन फोर्सेस. खलाशी, वैमानिक, पायदळातला शिपाई, सगळ्यांना एकच गडद हिरवा गणवेश. कायद्यातले हुद्देही एकच, भूदलाच्या धर्तीचे.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या नौदलाचे प्रमुख रिअर ॲडमिरल विल्यम लँडीमोर यांनी उघड विरोध केला. 1966 मध्ये हेलियर यांनी त्यांना पदावरून दूर केलं. पहिले सीडीएस एअर चीफ मार्शल फ्रँक मिलर हेही त्याच वर्षी बाहेर पडले.

आता पुढचं बघा. नव्या रचनेत विमानं वेगवेगळ्या कमांड्समध्ये विखुरली होती. ती 1975 मध्ये एअर कमांड काढून पुन्हा एका छत्राखाली आणावी लागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिघांचे वेगळे गणवेश परत आले. 2010 मध्ये, नौदलाच्या शताब्दीला, नौदल अधिकाऱ्यांच्या बाहीवरच्या सोनेरी पट्टीची ती जुनी वेलांटी परत मिळाली. 16 ऑगस्ट 2011 ला संरक्षणमंत्री पीटर मॅके यांनी तिन्ही जुनी नावंही परत दिली. कायद्याने मात्र दल आजही एकच आहे आणि सीडीएस त्याचा एकमेव प्रमुख आहे.

म्हणजे पूर्ण फसलं म्हणावं तर तसंही नाही. एक प्रमुख टिकला. एकत्र भरती, एकत्र भांडारं, एकत्र वैद्यकीय सेवा टिकली. गणवेश, हुद्दे आणि नावं एकेक करून परत आली, आणि ती परत आणण्यात चाळीसहून जास्त वर्षं गेली. या सगळ्या काळात कॅनडाला खरी गरज कशाची होती? तर आपल्या जहाजाला, विमानाला आणि बटालियनला एकाच कामगिरीवर एकाच माणसाच्या हुकुमाखाली कसं आणायचं, याच्या उत्तराची. हिरव्या गणवेशात ते उत्तर नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. नकाशा उघडून बसा. आपल्याशी लागून असलेल्या चीनच्या अख्ख्या सीमेसाठी त्यांची एकच वेस्टर्न थिएटर कमांड आहे, मुख्यालय चेंगडू. आपल्या बाजूला लडाखसाठी भूदलाची नॉर्दर्न कमांड उधमपूरला आणि हवाई दलाची वेस्टर्न एअर कमांड दिल्लीला. उत्तराखंडसाठी लखनौ आणि प्रयागराज. सिक्कीम-अरुणाचलसाठी भूदल कोलकात्यात, हवाई दल शिलाँगला. बंगालच्या उपसागरात काही करायचं तर विशाखापट्टणम. आपल्या दारातलंच उदाहरण घ्या: कच्छचं रण आणि सर क्रीक. भूदलाची सदर्न कमांड पुण्यात, नौदलाची वेस्टर्न नेव्हल कमांड मुंबईत, हवाई दलाची साउथ वेस्टर्न एअर कमांड गांधीनगरला. भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन, अशा एकूण सतरा कमांड्स, आणि त्यांच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत.

कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने यावर बोट ठेवलं. 2001 मध्ये मंत्रिगटाचा अहवाल आला, त्यात सीडीएसची शिफारस होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली गेली, तिनेही तीन एकत्रित कमांड्स सुचवल्या. सीडीएसची घोषणा झाली 15 ऑगस्ट 2019 ला, जनरल बिपिन रावत रुजू झाले 1 जानेवारी 2020 ला. आणि 2025 संपेपर्यंत एकही थिएटर कमांड उभी राहिली नव्हती. सरकारने तर 2025 हे सुधारणांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. दलं एकत्र करू नयेत. जहाज चालवणं आणि विमान उडवणं हे आयुष्यभराचे धंदे आहेत, ते शिकवणारी, जपणारी संस्था वेगळीच हवी. पण लढाई चालवणारा प्रत्येक आघाडीवर एकच हवा, आणि तो लवकर हवा. तुम्हाला काय वाटतं?

---

शंकासुर

माहितीपूर्ण धागा. पण कॅनडा हे सोयीचं उदाहरण निवडलंय असं वाटतं. कॅनडाला शेजारी शत्रू नाही, त्यांचा प्रयोग फसला काय आणि जमला काय, कुणाचं गाव गेलं नाही. इस्रायलचं बघा ना. 1948 पासून एकच दल, हुद्दे एकच, नौदलाचा प्रमुखसुद्धा 'अलुफ' म्हणजे मेजर जनरल. सगळी युद्धं तशीच लढले. चीनचंही सैन्य एकच, नौदल आणि हवाई दल हे त्याचेच भाग. आपले दोन्ही शेजारी... बरं, पाकिस्तान सोडा. पण ज्याच्याशी खरी गाठ आहे तो एकसंध आणि आपण सतरा तुकडे.

---

खडकवासलेकर

@शंकासुर, इस्रायलचा मुद्दा रास्त आहे. पण त्यांचा देश आपल्या एखाद्या महसूल विभागाएवढा. उत्तरेच्या टोकापासून इलातपर्यंत लढाऊ विमानाला काही मिनिटं लागतात. तिथे अख्खा देशच एक थिएटर आहे. आणि तिथेही हवाई दलाचा स्वतःचा कारभार, स्वतःची निवड, स्वतःची प्रशिक्षण शाळा आहेच.

चीनबद्दल मात्र उलटा दाखला देतो. चिनी सैन्यात कित्येक दशकं भूदलाचं वेगळं मुख्यालयच नव्हतं, कारण केंद्रीय मुख्यालय म्हणजेच भूदल. नौदल आणि हवाई दल पाहुणे. 31 डिसेंबर 2015 ला शी जिनपिंग यांनी भूदलाचं स्वतंत्र मुख्यालय काढलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड्स केल्या. म्हणजे त्यांनी भूदलाला बाकीच्यांच्या बरोबरीला आणून बसवलं आणि लढाई थिएटरकडे दिली. दलांनी माणूस आणि साहित्य तयार करायचं, थिएटरने लढायचं. एकसंध सैन्य असूनही त्यांना ही फोड करावी लागली.

---

निवृत्त_वायुसैनिक

बराच वेळ लिहू की नको चाललं होतं, पण हवाई दलाची बाजू कुणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. तीस वर्षं याच दलात काढली.

हवाई दल आडमुठेपणा करतंय असं चित्र रंगवलं जातं. जुलै 2021 मध्ये जनरल रावत यांनी हवाई दलाला 'सपोर्टिंग आर्म' म्हटलं, तोफखाना किंवा इंजिनिअर्ससारखं. तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं की आमची भूमिका त्याहून खूप मोठी आहे. लोकांना वाटलं मानापमान. तो मानापमान नव्हता, हिशेब होता.

हिशेब असा. मंजूर स्क्वाड्रन 42. सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला मिग-21 ला निरोप दिल्यावर उरल्या 29. हवेत इंधन भरणारी सहा आयएल-78, अवाक्स म्हणजे उडत्या रडार विमानांची संख्या बोटावर मोजण्याइतकी. आता ही विमानं तीन थिएटर्समध्ये वाटून द्या. पश्चिमेला पेटलं आणि पूर्वेच्या कमांडरने 'माझ्या वाट्याची मी सोडणार नाही' म्हटलं तर? सुखोई सकाळी तेजपूरला आणि संध्याकाळी जोधपूरला असू शकतं, बटालियनला ते जमत नाही. विमानाची ताकदच ही आहे की ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कॅनडाने 1975 मध्ये विमानं परत एकत्र का आणली, याचं उत्तर तिथेच आहे.

कारगिलचंही थोडं. मे 1999 मध्ये भूदलाने हल्ल्यासाठी हेलिकॉप्टरं मागितली. हवाई मुख्यालयाचं म्हणणं दोन होतं: एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर सोपं सावज होईल, आणि हवाई हल्ला म्हणजे युद्धाची पायरी वाढते, तेव्हा सरकारची परवानगी हवी. एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस त्यावर ठाम राहिले. 25 मेला मंत्रिमंडळ समितीची परवानगी मिळाली, 26 ला 'सफेद सागर' ही हवाई मोहीम सुरू झाली. 28 ला एमआय-17 पडलं, चार जण गेले, आणि हल्ल्यासाठी हेलिकॉप्टर वापरणं थांबवावं लागलं. पुढे मुंथो ढालो आणि टायगर हिलवर मिराजनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हे सगळं एकाच दलात, भूदलाच्या हुकुमाखाली असतं तर 'उंची जास्त आहे, हे करू नका' असं ठणकावून सांगणारा कुणी उरला असता का?

---

दर्यावर्दी

वायुसैनिक सर, तुमच्या बऱ्याच मुद्द्यांशी सहमत. पण मालकीचा वाद तुमच्याकडूनही झालेला आहे, तो सांगतो.

ब्रिटनने 1 एप्रिल 1918 ला भूदलाची आणि नौदलाची विमानसेवा एकत्र करून रॉयल एअर फोर्स काढलं. जगातलं पहिलं मोठं विलीनीकरण हेच. त्यानंतर विमानवाहू जहाज नौदलाचं आणि त्यावरचं विमान हवाई दलाचं, अशी वीस वर्षं गेली. हवाई दलाचा जीव बॉम्बरमध्ये. जहाजावरच्या विमानांकडे लक्ष कोण देणार? 1937 मध्ये फ्लीट एअर आर्म, म्हणजे जहाजांवरच्या विमानांची शाखा, नौदलाला परत द्यायचं ठरलं, प्रत्यक्ष ताबा मे 1939 मध्ये आला, आणि सप्टेंबरमध्ये युद्ध. ब्रिटिश नौदल त्या युद्धात उतरलं ते स्वोर्डफिश या दुपंखी विमानावर. त्याच काळात जपानी आणि अमेरिकन नौदलांनी स्वतःची विमानं स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवली होती. स्वोर्डफिशने टारांटोच्या इटालियन नौदल तळावर पराक्रम केला हे खरं, पण तो वैमानिकांचा.

आपल्याकडेही समुद्रावर टेहळणी करणारी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं हवाई दलाकडे होती. 1976 मध्ये सरकारने ती नौदलाला दिली आणि गोव्यात दाबोळीला 312 स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे टीयू-142 आली, मग पी-8आय. आज हिंदी महासागरात चिनी पाणबुडीचा माग काढायची जी ताकद आपल्याकडे आहे तिची सुरुवात त्या हस्तांतरातून झाली. समुद्र ज्याचा धंदा, त्याच्या हातात ते काम गेलं म्हणून झालं.

तेव्हा विलीनीकरणाला माझा विरोधच. एकत्र दलात बहुसंख्य भूदलाचे, म्हणजे पैसा आणि लक्ष हिमालयाकडे. तसंही स्वातंत्र्यापासून नौदलाच्या वाट्याला शेवटचं ताट आलंय.

---

मृद्गंधा

मला डावपेचातलं काही कळत नाही, पण एक गोष्ट इथे कुणी लिहिलेली दिसत नाही. एकत्र सेवा आपल्याकडे आहे आणि ती उत्तम चालते. आमच्या घरातच आहे.

माझे यजमान पुण्याच्या एएफएमसीचे, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे. तिथून बाहेर पडताना कुणाला भूदल मिळतं, कुणाला नौदल, कुणाला हवाई दल. यांना नौदल मिळालं. पांढरा गणवेश शिवून घेतला, कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात काम केलं, मग पोस्टिंग आलं भूदलाच्या रुग्णालयात. वॉर्डात एका खाटेवर सुभेदार, शेजारी एअर फोर्सचा कॉर्पोरल, पलीकडे खलाशाची बायको बाळंतीण. केसपेपरवर दल लिहिलेलं असतं, औषधाला त्याने फरक पडत नाही. वरिष्ठ कुठल्याही गणवेशातला असू शकतो. एका पोस्टिंगला यांचे साहेब हवाई दलाचे होते, हाताखालचे निम्मे भूदलाचे. पहिला आठवडा सॅल्यूट कुणी कसा ठोकायचा यातच गोंधळ असायचा, नंतर कुणाच्या लक्षातही राहायचं नाही.

गणवेश मात्र प्रत्येकाला स्वतःचाच प्यारा. यांना कुणी 'आर्मीचे डॉक्टर' म्हटलं की लगेच दुरुस्त करतात. मला वाटतं ते तसंच असावं.

---

खडकवासलेकर

@मृद्गंधाताई, हा प्रतिसाद फार मोलाचा. डॉक्टरांना जमतं याचं कारण त्यांचं काम एकच आहे. भांडारं, इंजिनिअरिंग, दळणवळण यातही ते जमायला हवं. मुंबई, गुवाहाटी आणि पोर्ट ब्लेअरला संयुक्त लॉजिस्टिक नोड (तिन्ही दलांची एकत्र पुरवठा केंद्रं) झालेत, मुंबईचा 1 एप्रिल 2021 ला सुरू झाला. चाल धिमी आहे, पण दिशा तीच.

---

सातपुडा

पैशांचं कुणी बोलत नाहीये. अपाचे हेलिकॉप्टर हवाई दलाने 22 घेतली, 2015 चा करार. मग भूदलाला स्वतःची हवी होती म्हणून 2020 मध्ये आणखी 6 घेतली, वेगळा करार. तीच हेलिकॉप्टरं, तोच विकणारा. सहा हेलिकॉप्टरांसाठी वेगळे तळ, वेगळे सुटे भाग, वेगळे प्रशिक्षक. 'प्रचंड' या लढाऊ हेलिकॉप्टरचं मार्च 2025 मध्ये जरा शहाणपणाने झालं: 156 ची ऑर्डर एकत्र, त्यातली 90 भूदलाला, 66 हवाई दलाला. खरेदी एकत्र व्हायला दलं एकत्र करावी लागत नाहीत, हे त्यातून दिसतं.

आता अमेरिकेचं सांगतो, कारण धाग्यात ते यायलाच हवं. 24 एप्रिल 1980. तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला निघालेली तुकडी. हेलिकॉप्टरं नौदलाची, चालवणारे बहुतेक मरीन, वाहतूक विमानं हवाई दलाची, कमांडो भूदलाचे. आठ हेलिकॉप्टरं निघाली, वाळवंटातल्या तळावर पाचच धड उरली, मोहीम रद्द झाली. परतायच्या तयारीत असताना एक हेलिकॉप्टर सी-130 वर आदळलं, आठ जण गेले. या सगळ्यांनी मिळून पूर्ण रंगीत तालीम एकदाही केलेली नव्हती. 1983 मध्ये ग्रेनाडात रेडिओ एकमेकांना लागेनात. त्यानंतर 1986 मध्ये गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला.

त्या कायद्याने दलं एकत्र केली नाहीत. दोनच गोष्टी केल्या ज्या दुखऱ्या जागी बसल्या. हुकूम राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि थेट आघाडीचा कमांडर असा जाणार, दलप्रमुख त्या साखळीतून बाहेर. आणि ज्याला जनरल किंवा ॲडमिरल व्हायचंय त्याने संयुक्त पदावर काम केलेलंच पाहिजे. दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त कामाला आली असं माझं मत.

---

हॅलिफॅक्सकर

कॅनडाचा उल्लेख आला म्हणून लॉगिन केलं. मी हॅलिफॅक्सला राहतो, नौदलाचं गाव, लँडीमोर इथेच होते. शेजारचे आजोबा त्या काळात डिस्ट्रॉयरवर होते. हिरव्या गणवेशाचा विषय काढला की त्यांचा आवाज आजही चढतो. 'बंदरात उतरलो की लोक विचारायचे, बस चालवता का?' असं ते सांगतात.

पण त्यांचा मुलगा पुढे वायुसेनेच्या हेलिकॉप्टर पथकात गेला, जहाजावरून उडणाऱ्या. इथे जहाजावरचं हेलिकॉप्टर हवाई दलाचं असतं, जहाज नौदलाचं. दर्यावर्दी यांनी ब्रिटनची जी जुनी रचना सांगितली, तशीच इथे आजही आहे, पण या मुलाला त्यात काही वावगं वाटत नाही. 'जहाजावर असतो तेव्हा कॅप्टनचं ऐकतो, एवढंच,' असं तो म्हणतो. दोन पिढ्या, दोन मतं. आजोबांना गणवेश गेल्याचं दुःख, मुलाला रचनेची सवय.

---

बेटावरचा

अंदमानात काही वर्षं होतो, भूदलातून. 2001 मध्ये सुरू झालेली अंदमान-निकोबार कमांड ही देशातली पहिली तिन्ही दलांची कमांड. कमांडर कधी नौदलाचा, कधी भूदलाचा, कधी हवाई दलाचा. त्सुनामीत, डिसेंबर 2004 मध्ये, कार निकोबारचा हवाई तळ वाहून गेला, तेव्हा एकाच मुख्यालयातून जहाज, विमान आणि जवान हलले, हे त्या कमांडचं मोठं काम.

पण आतली अडचण फार कमी लोकांना माहीत आहे. भूदलाला 1950 चा आर्मी ॲक्ट, हवाई दलाला 1950 चाच एअर फोर्स ॲक्ट, नौदलाला 1957 चा नेव्ही ॲक्ट. कमांडर नौदलाचा असेल तर भूदलाच्या जवानावर शिस्तीची कारवाई करायचा अधिकार त्याला नव्हता. जवानाने गैरवर्तन केलं तर कागद त्याच्या मूळ दलाकडे, बहुतेक वेळा माणूसही मुख्य भूमीवर. ज्याच्या हुकुमाखाली लढायचं त्याला शिक्षेचा अधिकार नाही, हे वीस वर्षं चाललं. 2023 मध्ये इंटर-सर्व्हिसेस ऑर्गनायझेशन्स कायदा झाला, 10 मे 2024 पासून लागू झाला, तेव्हा हे मिटलं. त्याने तिन्ही जुने कायदे रद्द केले नाहीत, फक्त संयुक्त कमांडच्या प्रमुखाला सगळ्यांवर तो अधिकार दिला. साधं काम, पण त्यासाठी इतकी वर्षं लागली.

---

शंकासुर

@बेटावरचा, नेमकं हेच माझं म्हणणं आहे. तडजोडीने काम केलं की वीस वर्षं लागतात. हेलियर यांनी चार वर्षांत केलं, चुका केल्या असतील, पण केलं. आपण 1999 पासून समित्यांवर समित्या नेमतोय. ऑगस्ट 2025 मध्ये महूच्या लष्करी परिसंवादात हवाई दलप्रमुखांनी घाई नको म्हटलं, नौदलप्रमुखांनी पाठिंबा दिला, आणि सीडीएसना मतभेद असल्याचं कबूल करावं लागलं. एकमताची वाट बघत बसलो तर पुढचं युद्ध आधी येईल.

---

खडकवासलेकर

@शंकासुर, तुमची चीड मला समजते आणि तिच्यात तथ्य आहे. एकमत होणार नाही, हे मलाही मान्य. त्याचा एक पुरावा आमच्या खडकवासल्यातलाच आहे.

एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) तिन्ही दलांचे कॅडेट एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, पीकॉक बेमध्ये एकत्र होड्या वल्हवतात. जगात अशा प्रबोधिनी फार कमी. 2020 मधले तिन्ही दलप्रमुख, जनरल नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे तिघेही एनडीएच्या छप्पन्नाव्या कोर्सचे. तिघांचे वडीलही हवाई दलातले. इतकी जवळीक पुन्हा जुळून येणं कठीण, आणि नेमकं त्याच काळात हा वाद चव्हाट्यावर आला. मैत्री होती, एकमेकांवर विश्वासही होता, तरी विमानं कुणाच्या हाताखाली या प्रश्नावर तिघांची मतं जुळणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येक जण आपल्या दलाला जबाबदार.

दुसरं उदाहरण पुण्याचं. 1987 मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा पुण्याच्या सदर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांना एकूण सेनेचा कमांडर नेमलं. जाफन्याच्या गल्ल्यांत मराठा लाइट इन्फंट्रीही लढली. नाव 'ओव्हरऑल फोर्स कमांडर' असलं तरी नौदल आणि हवाई दल आपापल्या कमांडच्याच हुकुमात राहिले. पदाचं नाव मोठं देऊन भागत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

म्हणून हा निर्णय प्रमुखांवर सोडू नये, तो संसदेने कायद्याने करावा. सीडीएसच्या पदाची व्याख्याच अशी आहे की त्याला तिन्ही प्रमुखांवर हुकूम चालवता येत नाही. जून 2025 मध्ये त्यांना तिन्ही दलांसाठी संयुक्त आदेश काढायची मुभा मिळाली, ती स्वागतार्ह, पण आदेश कागदपत्रांचे आणि कारभाराचे. लढाईची साखळी अजून तशीच.

---

निवृत्त_वायुसैनिक

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रतिसादावर. कायदा करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती विमानं वाटून टाकायला. दोन्ही गोष्टी जमू शकतात.

मे 2025 मधलं ऑपरेशन सिंदूर बघा. हवाई दलाची आयएसीसीएस ही नियंत्रण यंत्रणा आणि भूदलाची आकाशतीर एकमेकींना जोडलेल्या होत्या. सीमेवरच्या भूदलाच्या रडारला दिसलेला ड्रोन हवाई दलाच्या पडद्यावर दिसत होता, आणि कुणी कशाने पाडायचा ते एका ठिकाणी ठरत होतं. तोफ भूदलाची, क्षेपणास्त्र हवाई दलाचं, चित्र मात्र एक. तिथे कुणी कुणाच्या दलात विलीन झालं नव्हतं.

त्याच धर्तीवर मला वाटतं: थिएटर कमांडर एकच असावा आणि त्याच्या मुख्यालयात हवाई दलाचा वरिष्ठ अधिकारी असावा, ज्याला उड्डाणं लावून द्यायचा अधिकार असेल. जवळच्या मदतीची ठरावीक उड्डाणं थिएटरच्या हक्काची. लांब पल्ल्याची विमानं, टँकर, अवाक्स हे दिल्लीत एका हाताखाली, आणि कुठल्या आघाडीला किती याचा वाद सीडीएसने तासाभरात मिटवायचा. त्यासाठी सीडीएसला तेवढा अधिकार द्या. एवढं झालं तर माझ्या दलातले निम्मे आक्षेप गळून पडतील, मी खात्रीने सांगतो.

---

दर्यावर्दी

वायुसैनिक सर, हे मान्य. समुद्रापुरती एक पुस्ती: टेहळणी विमानं आणि जहाजावरची विमानं सागरी थिएटरकडेच राहावीत, दिल्लीच्या हाताखाली नकोत. बाकी तुम्ही लिहिलंय त्यावर नौदलातलेही बरेच जण सही करतील.

---

सातपुडा

आणि त्यासोबत बढतीची अट. माझ्या मते ती आधी आणा, थिएटर नंतर आलं तरी चालेल. कर्नलचा ब्रिगेडियर होताना दुसऱ्या दलाच्या वरिष्ठाच्या हाताखाली दोन वर्षं केली का, आणि त्याचा गोपनीय अहवाल त्या वरिष्ठाने लिहिलाय का, एवढं बघा. आज थिएटर मुख्यालय काढलं तर तिथला एअर कमोडोर पुढच्या बढतीसाठी हवाई मुख्यालयाकडेच बघणार, तिथला ब्रिगेडियर सेना मुख्यालयाकडे. अमेरिकेलाही ही सवय लागायला 1986 नंतर कित्येक वर्षं लागली. आज नियम केला तर त्यात तयार झालेली पहिली पिढी थिएटर कमांडरच्या वयाला यायला पंधरा वर्षं आहेत.